काचेची आतली बाजू

कोराडीच्या बसमधून उतरलं की प्रेमिला मेश्राम आधी पदर झटकायची. वीजकेंद्राच्या वसाहतीत राहणाऱ्या माणसाच्या अंगावर राख असतेच, दिसो वा न दिसो, असं तिचं मत होतं. मग सीताबर्डीपासून झाडांच्या सावलीसावलीनं चालत ती संस्थेत यायची, प्रयोगशाळेच्या दाराशी चपला काढायची, पांढरा कोट चढवायची आणि सगळ्यात शेवटी डाव्या मनगटावरचं घड्याळ काढून खिडकीजवळच्या खिळ्याला अडकवायची. एम.एस्सी.ला पहिला वर्ग मिळाला तेव्हा वडिलांनी, आनंदरावांनी, घेऊन दिलेलं घड्याळ. ते काढलं की खाली मनगटाभोवती एक फिकी पट्टी दिसे.

"कोराडीच्या उन्हातून एवढीच पट्टी वाचली ताई तुमची," चंपतराव म्हणायचा.

"तुमची तर तेवढीही नाही वाचली."

"मी काय घड्याळ लावतो? माह्या पोटातच घड्याळ हाये. आता चहाचा टाइम झाला म्हणून राहिलं."

चंपतराव प्रयोगशाळेचा परिचर. मिशीला तेल लावणारा, मोठ्यानं बोलणारा, निर्वात पंपाच्या गुरगुरीवर आवाज चढवून चढवून त्याचा आवाजच तसा होऊन बसलेला.

खोलीच्या मध्यभागी ते यंत्र होतं. छातीइतक्या उंच लोखंडी पेटीवर काचेची एक मोठी पालथी घंटा, तिला सगळे बेलजार म्हणत. पेटीतले पंप घंटेतली हवा खेचून घेत. आत, अगदी खाली, मोलिब्डेनम धातूचा नखाएवढा द्रोण. त्यात कॅडमियम सल्फाइडची चिमूटभर पिवळी भुकटी. वर, उलट्या टांगलेल्या काचपट्ट्या. हवा पुरेशी गेली की द्रोणातून वीज सोडायची. द्रोण लाल होई, भुकटीची वाफ होई, आणि अडवायला हवाच नसल्यामुळे तिचे कण सरळ रेषेत वर जाऊन काचपट्टीच्या खालच्या अंगावर बसत. हळदीसारखा पिवळा, केसाहून कितीतरी पातळ थर; त्यालाच फिल्म म्हणायचं. तो थर अर्धसंवाहक असे. अंधारात वीज जवळजवळ अडवून धरी आणि उजेड पडला की वाट देई. किती अडवतो, किती देतो, हे मोजणं म्हणजे प्रेमिलाचं संशोधन.

वाफ काचपट्टीपुरती थांबत नसे. बेलजारच्या आतल्या भिंतीवरही थर चढे आणि आतलं दिसेनासं होई. म्हणून आतल्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर, काचेची एक चकती लावून ठेवायची. तिला लोखंडाचा तुकडा चिकटवलेला. बाहेरून लोहचुंबक फिरवलं की चकती बाजूला सरके आणि मागची कोरी काच उघडी पडे. तेवढ्याच झरोक्यातून आत बघायचं.

अठ्ठ्याहत्तर सालचा ऑक्टोबर होता. प्रेमिलाची शिष्यवृत्ती महिनाअखेर संपत होती. तिचे मार्गदर्शक डॉ. मनोहरराव ठोसर दिवाळीआधी मुंबईला एका मोठ्या संस्थेत जाणार होते, आणि तिथल्या लोकांनी प्रेमिलाच्या फिल्म पाहायला मागितल्या होत्या. नमुने पसंत पडले तर तिथं संशोधकाची जागा होती. नाही पडले तर कुठल्यातरी शाळेत नववीला विज्ञान.

"डागाशिवायचा एक संच दे," सर म्हणाले होते. "मापं तुझी चांगलीच आहेत. पण ती माणसं आधी डोळ्यांनी बघतात."

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तिनं यंत्रात अ‍ॅल्युमिनियमची वाफ उडवली. जुन्या फिल्मवर वीज जोडायला धातूच्या बारीक पट्ट्या लागत, त्या अशाच बनवायच्या. अ‍ॅल्युमिनियमचा थर चढला की बेलजार आतून आरसा होतो. झरोका तेवढा काळा राहतो. त्या झरोक्याला डोळा लावताना तोल सांभाळण्यासाठी तिनं उजव्या हाताचा अंगठा काचेवर टेकवला होता. तिला आठवत होतं, कारण टेकवल्यावर समोरून अंगठ्याचं प्रतिबिंब येऊन अंगठ्याला भिडलं, तरी काचेच्या जाडीमुळे त्या दोघांच्या मध्ये बारीकसं अंतर राहिलं. ते अंतर किती असेल, असा एक निरुद्योगी विचार तिच्या मनात येऊन गेला.

अ‍ॅल्युमिनियमनंतर बेलजार त्याच दिवशी कॉस्टिक सोड्यानं धुवायचा, हा नियम होता. पण उशीर झाला होता. ती चंपतरावला म्हणाली, "उद्या सकाळी धुऊन टाका."

दुसऱ्या दिवशी ती आली तर यंत्राला झेंडूची माळ होती, पंपाच्या मोटारीवर कुंकवाची पाच बोटं होती, आणि समोर निरांजन. काच चकचकीत आरसाच. निरांजनाची ज्योत तिच्यात लांबट, वाकडी होऊन दिसत होती.

"धुतला नाही?"

"पूजा होऊन गेली ना आता. पुजलेल्या हत्याराले दसरा होईस्तवर खोलत नसतात. हवा खेचून बंद करून ठेवला. बसू द्या सुखानं." मग ती दाराशीच उभी असलेली पाहून तो म्हणाला, "तुम्ही आमची पूजा करत नाही हे मालूम हाये मले. पण पेढ्याशी तं तुमचं भांडण नाही?"

"पेढ्याशी नाही," म्हणत तिनं दोन घेतले.

दसऱ्याला ती वडिलांबरोबर दीक्षाभूमीवर गेली. लाखांच्या गर्दीत पुस्तकांच्या दुकानांपाशी आनंदराव रेंगाळले, आणि एका ओळखीच्या माणसाला तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "माही पोरगी. आमच्या घरचा अंगठा हिच्यापाशी संपला." आनंदरावांचे वडील पगाराला अंगठा द्यायचे. आनंदराव कशीबशी सही करत. प्रेमिलानं आयुष्यात कुठल्याही कागदावर अंगठा उमटवलेला नव्हता. घरात या गोष्टीचा अभिमान बाळगला जाई, जसा दुसऱ्या घरात कुणी दागिन्यांचा बाळगावा.

दसऱ्यानंतर बेलजार घासून, धुऊन, वाळवून झाला, आणि तिनं पहिली फिल्म काढली.

काचपट्टीचा अर्धा भाग छान पिवळा होता. दुसऱ्या अर्ध्यावर थर फिका पडत पडत जवळजवळ नाहीसाच झाला होता. त्याला कडा नव्हती. जणू मध्ये काहीतरी आलं होतं.

"तुमच्या माळेचा दोरा आत गेला असणार," ती चंपतरावला म्हणाली.

"माळ भाईर होती ताई. आत जाईल कुठून, पाय फुटले काय तिले?"

"मग कुंकू."

"कुंकू मोटारीले लावलं. तुम्ही पेढे खाल्ले तवा नाही दिसलं काय?"

तिनं आतली प्रत्येक वस्तू काढून पाहिली. दोरा नव्हता, कुंकवाचा कण नव्हता. द्रोण बदलला. पट्ट्या धरणारी चौकट बदलली. दुसऱ्या दिवशी पुन्हा फिल्म काढली.

या वेळी फिका भाग लहान होता, आणि त्याला कडा आली होती. धूसर, पण कडा. लांबट गोल आकार.

प्रेमिला खुर्चीत बसून त्या काचेकडे बराच वेळ पाहत राहिली. खोलीत पंपाची गुरगुर होती आणि खिडकीबाहेर कडुनिंबावर कावळे. ज्याला लहानपणी दिवे गेल्यावर कंदिलासमोर हात धरून भिंतीवर ससा काढता येत होता, त्याला हे गणित येतं. हात दिव्याजवळ असला तर सावली मोठी आणि पुसट. भिंतीजवळ नेला तर लहान आणि रेखीव. वाफ उजेडासारखीच सरळ जाते. मग पहिल्या दिवशी मध्ये आलेली वस्तू द्रोणाच्या जवळ होती. दुसऱ्या दिवशी काचपट्टीच्या जवळ.

वस्तू तीच असेल तर ती वर सरकली होती.

तिनं हे कागदावर मांडलं, मग तो कागद चुरगाळून टोपलीत टाकला. निर्वातात वर सरकणारं काय असतं? काहीच नाही. मग गृहीतक चूक. दोन वेगवेगळ्या चुका झाल्या असतील, आणि त्या एका ओळीत बसतात हा योगायोग. योगायोगाला तिची हरकत नव्हती. फक्त तो पुन्हा होऊ नये एवढंच.

तिसऱ्या फिल्मवर अंगठ्याचा ठसा होता.

पिवळ्या थरात अंगठ्याएवढी कोरी जागा, आणि तिच्यात रेघांमागून रेघा, एकीत एक वळलेल्या. भिंगाखाली धरल्यावर घामाची छिद्रंसुद्धा मोजता आली असती.

ठोसर सरांनी काचपट्टी खिडकीकडे धरली आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"प्रेमिला, हे काय?"

"सर, मी चिमट्याशिवाय काच उचलत नाही."

"ठसा आहे म्हणजे बोट लागलं. तेलकट जागेवर थर धरत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलालाही माहीत असतं."

"मी हात लावला नाही, सर."

"मग काय बेलजारनं लावला?" ते काचपट्टी परत देत म्हणाले. "हात लागतो. माणूस आहे, लागतो. कबूल करावं आणि काच पुन्हा धुवावी. शुक्रवारी माझी गाडी आहे. संच असला तर नेईन."

हात लागला, हात लागला. हे शब्द तिच्या आजोबांनी निराळ्या अर्थानं ऐकले होते, सरांना ते सुचलंही नसणार. पण कानशिलं गरम झाली ती झालीच.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा तिनं शिक्क्याची शाई काढली. कोरा कागद समोर ठेवला. उजव्या हाताचा अंगठा शाईवर टेकवताना तिला वडिलांचा चेहरा आठवला आणि क्षणभर ती थांबली. मग तिनं अंगठा उमटवला.

तिच्या अंगठ्यावर एक खूण होती. मागच्या उन्हाळ्यात काचपट्टी कापताना लागलेली, रेघांना तिरकी छेदून जाणारी बारीक जखम. कागदावर ती पांढऱ्या धाग्यासारखी उमटली होती. काचेवरच्या ठशातही तशी एक रेघ होती. पण ती उलट्या बाजूला झुकलेली. कागदावरचे वळसे उजवीकडे जात होते, काचेवरचे डावीकडे. तिनं डावा अंगठाही उमटवून पाहिला. त्याच्यावर जखमच नव्हती, आणि वळसे निराळेच होते.

म्हणजे ठसा तिचा नव्हता. तिला हायसं वाटलं, आणि लगेच वाटलं की हायसं वाटायचं काही कारण नाही. मग कुणाचा?

चंपतराव डबा धुऊन आला. तिनं त्याच्यापुढे शाई सरकवली.

"काहून ताई? इस्टेट लिहून घेऊन राहिल्या काय माही?"

"उमटवा हो, काम आहे."

"माही इस्टेट म्हणजे एक सायकल, तिचा बी टायर पंक्चर हाये," म्हणत त्यानं हातोड्यासारखा रुंद अंगठा दाबला. काचेवरच्या ठशाच्या दुप्पट.

तो गेल्यावर ती काचपट्टी डबीत ठेवू लागली. चिमट्यात फिरून पट्टी उलटी झाली आणि शाईच्या कागदावर आडवी पडली. आता थराची बाजू खाली होती, आणि ती काचेच्या पाठीमागून ठशाकडे पाहत होती.

वळसे उजवीकडे गेले. तिरकी रेघ पांढऱ्या धाग्यावर बरोब्बर बसली.

तिनं भिंग घेऊन पुन्हा पाहिलं. मग काचपट्टी सरळ केली. जुळेना. उलटी केली. जुळला. पुन्हा सरळ. पुन्हा उलटी. प्रत्येक वेळी तिला वाटे की या खेपेला आपण नीट पाहत नाही आहोत.

तिनं काचेच्या खालच्या अंगाला हात लावला असता तर ठसा सरळ उमटला असता, कागदावर उमटतो तसा. हा उमटला होता तो तिच्या अंगठ्याचा नव्हे, तर तिचा अंगठा आरशात जसा दिसतो, त्याचा.

सरांना हे सांगायचं कसं, हेच तिला कळेना. तिच्या हातात एकच पुरावा होता, आणि तो म्हणत होता की ठसा तिचाच आहे. तरी ती गेली.

"उलटा म्हणजे?" सर म्हणाले.

"आरशातल्यासारखा."

"काच उलटी धरली असशील."

"उलटी धरली तरच जुळतो, सर. सरळ धरली तर नाही."

सरांनी चष्मा काढून पुसला. मग नेहमीपेक्षा मऊ आवाजात म्हणाले, "तू फार दमली आहेस. जुळतो ना? मग झालं. एकदा शेवटचं करून बघ. नाही जमलं तर पुढच्या वर्षी पाहू."

पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती नसणार होती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

गुरुवारी तिनं काचपट्ट्या स्वतः धुतल्या. आम्लात, साबणाच्या पाण्यात, ऊर्ध्वपातित पाण्यात, शेवटी अ‍ॅसिटोनच्या वाफेत. चंपतरावला शेजारी उभं केलं होतं.

"माझा हात लागतो का ते बघत राहा."

"नजर हटवली तं मिशी काढून देईन."

हात लागला नाही. चिमट्यानं पट्ट्या चौकटीत बसल्या, बेलजार खाली उतरला. घड्याळ खिळ्याला होतं, मनगटावर फिकी पट्टी होती, आणि पंप आपल्या चालीनं गुरगुरत होता. चंपतराव बाहेरच्या नळाचं पाणी बघायला गेला. पंप थंड ठेवायला ते सतत वाहतं लागे. दुपारचं ऊन खिडकीतून येऊन यंत्राच्या पायाशी पडलं होतं.

हवा गेली. तिनं वीज सोडली. द्रोण आधी काळपट लाल झाला, मग पिकल्या संत्र्यासारखा.

तिनं झरोक्याला डोळा लावला. आत वावगं काही नव्हतं. द्रोण, चौकट, तारा. मध्ये काहीही आलेलं नव्हतं.

बेलजारची भिंत हळूहळू पिवळी होऊ लागली.

झरोक्याच्या शेजारी एक जागा पिवळी होत नव्हती.

आधी तिला वाटलं, ऊन पडलंय. मग आजूबाजूचा रंग गडद झाला आणि ती जागा तशीच कोरी राहिली. लांबट. तिच्यात रेघा होत्या. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तिनं जिथं अंगठा टेकवला होता, साधारण तिथंच. फक्त आतून.

वीज बंद करावी, असं तिच्या मनात आलं. बंद केली तर फिल्म अर्धवट राहणार. उद्या सरांची गाडी.

तिनं बंद केली नाही.

रेघा मोजता येतील इतक्या स्पष्ट होत्या. जखमेची तिरकी रेघही. हा तोच आहे की नाही, हे ठरवायला एकच रीत होती, आणि ती मोजमापाची रीत होती. जे माप घ्यायचं त्याच्या शेजारी ज्ञात वस्तू ठेवायची.

तिनं उजव्या हाताचा अंगठा बाहेरून त्या जागेवर ठेवला.

बसला. कडेला कड.

यंत्र चालू असताना काच तापते. ही तापलेली नव्हती. गारही नव्हती. अंगाइतकी कोमट होती.

अंगठ्यात नाडीचा ठोका लागत होता. तो आपला आहे, असं तिनं ठरवलं. मग तिच्या लक्षात आलं की ठोके एकाआड एक पडताहेत. एक इकडचा, एक मागून येणारा.

मग ते एकदम पडू लागले.

"ताई," दारातून चंपतराव म्हणाला, "पाणी सुरू हाये. झालं काय?"

तिनं अंगठा उचलला. खालची काच पिवळी होती, भिंतीच्या इतर भागासारखीच. कोरी जागा कुठेच नव्हती.

"झालं," ती म्हणाली.

फिल्म निर्दोष होत्या. एकूण एक. सरांनी प्रत्येक काचपट्टी खिडकीकडे धरली, फिरवून पाहिली, उलटी करून पाहिली आणि कापसात ठेवली. "बघ," ते म्हणाले, "मी काय म्हणत होतो? हात जपून वापरला की होतं." ते खरोखर आनंदले होते. मुंबईच्या लोकांना काय काय सांगायचं ते ते बोलत राहिले आणि ती हो म्हणत राहिली. तिलाही आनंद झाला होता. फक्त तो कुणीतरी सांगितल्यासारखा वाटत होता.

डबीवर चिकटवायच्या चिठ्ठीवर ती नाव लिहू लागली. अक्षर वाकडं येत होतं. दमल्यामुळे असेल.

"डाव्या हाताले काही लागलं काय ताई?" चंपतरावनं विचारलं.

"नाही. का?"

"नाही, उजव्यानं लिहून राहिल्या म्हणून."

तिला वाटलं, त्याची नेहमीचीच थट्टा. ती हसली. तो हसला नाही; यंत्राकडे वळला. "कॉस्टिक संपलं हाये. उद्या सकाळी आणतो अन् बेलजार घासून काढतो. आज राहू द्या तसाच, हवा खेचलेला."

तिनं खिळ्यावरचं घड्याळ काढून डाव्या मनगटाला बांधलं. पट्टा नेहमीच्या भोकात सैल वाटला. एक भोक पुढे घेतला.

बस भरलेली होती. कोराडीला उतरली तेव्हा दिवेलागण झाली होती, आणि चिमण्यांचा धूर सरळ वर चढत होता. आनंदरावांनी दारातच विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "झालं बाबा. सर नेऊन राहिले उद्या." ते आत गेले, आणि शेजाऱ्याला सांगायला मागच्या दारानं बाहेर पडल्याचा आवाज आला.

आईनं, बायजाबाईनं, लवकर पान वाढलं. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, आणि आजच्यासाठी म्हणून गुळाचा शिरा. पाण्याचा पेला ताटाच्या उजव्या बाजूला ठेवला. प्रेमिलानं तो उचलून डावीकडे सरकवला आणि घास मोडला.

आई पाहत राहिली.

"काय झालं?"

"काही नाही." बायजाबाईच्या चेहऱ्यावर हसू येत होतं. "आज उजव्या हातानं जेवून राहिली वं?"

प्रेमिलानं हातातल्या घासाकडे पाहिलं.

"मी रोजच उजव्यानं जेवते, आई."

"ऐका," बायजाबाई परत आलेल्या आनंदरावांना म्हणाली. "लहानपणी काय काय केलं हिले, तुमच्या मोठ्या भावानं डावा हात पाठीमागं बांधून जेवाले बसवलं, तरी डावखुरी ते डावखुरीच. आता मुंबईले जायची वेळ आली तं सुधरली."

"साहेबलोकांत बसायचं हाये तिले," आनंदराव शिऱ्याचं ताट घेत म्हणाले. "बरं झालं, माय."

दोघं हसत होते. थट्टा करणाऱ्यांचे चेहरे तसे नसतात.

प्रेमिलानं अर्धं जेवण ठेवलं. मोरीत गेली. हात धुवायला घड्याळ काढून कोनाड्यात ठेवलं आणि तांब्यानं पाणी घेतलं.

मोरीतल्या दिव्याचा उजेड पुरेसा होता. डावा हात कोपरापासून पंजापर्यंत एकसारखा सावळा होता.

फिकी पट्टी उजव्या मनगटावर होती.